टोकावरचा माणूस

उद्या पाहुणे मासेमारीला जाणार होते, म्हणून दुपारी पुतणी बर्फ आणायला निघाली.

काकांची बोट भाड्याने जाई. शहरातली मंडळी सकाळी यायची, दिवसभर गळ टाकून बसायची, मासा लागला तर त्याच्याबरोबर फोटो काढायची आणि संध्याकाळी उन्हाने लाल झालेली नाकं घेऊन घरी जायची. त्यांच्या एका दिवसाच्या हौसेसाठी आदला सगळा दिवस राबावं लागे. आमिष चिरायचं, गळ तपासायचे, लाइफ जॅकेटं उन्हात टाकायची, तेल भरायचं. पुतणी दूरदेशी जाऊन कामगारांच्या हक्कांवर जाडजूड पुस्तकं वाचून आली होती. ती परत आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी काकांनी तिच्या हातावर टेम्पोची किल्ली ठेवली आणि म्हणाले, "झालं ना शिकून? आता जरा बर्फ आण."

बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडायच्या यंत्रापाशी वहिनी उभी होती. वहिनी म्हणजे पुढ्याची बायको. पुढ्याचं खरं नाव कुणी घेत नसे. बोटीच्या टोकावर उभं राहून पुढचं पाणी बघायचं, हे त्याचं काम, म्हणून तो पुढ्या. पुतणीला दोराच्या गाठी मारायला त्यानेच शिकवलं होतं. गेल्या हंगामात तो बोटीवरून पडला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. पाय घसरला, असं काकांनी बंदराच्या साहेबांना सांगितलं. साहेबांनी मान डोलावली आणि चौकशी तिथेच आटोपली.

वहिनीने यंत्र बंद केलं, पदराला हात पुसले. इकडचं तिकडचं काहीच बोलली नाही.

"काकांना सांगशील? आता तरी सोडा म्हणावं त्याला."

"कुणाला, वहिनी?"

वहिनीने बर्फाचं पोतं तिच्याकडे सरकवलं आणि यंत्र पुन्हा चालू केलं. त्या खडखडाटात बोलायची सोयच नव्हती.

दुःखाने बाईचं डोकं फिरलंय, असं पुतणीला वाटलं, आणि रस्ताभर तिचा काकांवरचा राग उकळत राहिला. वर्षानुवर्षं ज्याच्या नजरेच्या जिवावर बोट चालवली, त्याच्या बायकोची साधी विचारपूस करायलाही या माणसाला सवड मिळाली नव्हती.

ती पोचली तेव्हा काका तेल भरायला बोट पलीकडच्या धक्क्यावर नेत होते. ती बर्फासकट चढली. तेल भरून परत निघेपर्यंत समुद्रावरून धुकं आत सरकलं होतं. आधी दीपस्तंभ गेला, मग किनाऱ्यावरची घरं गेली, मग आवाजही गेले. उरली ती इंजिनाची धडधड आणि कापसात बुडाल्यासारखं पाणी.

दोन धक्क्यांच्या मधे खडकांची रांग होती. केबिनमधून बोटीच्या टोकापुढचं पाणी दिसत नसे, म्हणून तिथे एक रीत ठरलेली होती, थेट आजोबांच्या काळापासूनची. सुकाणूवरच्याने इंजिन मंद करून विचारायचं आणि टोकावरच्याने 'साफ आहे' म्हटल्याशिवाय बोट हलवायची नाही.

काकांनी इंजिन मंद केलं. "पुढे काय दिसतं?"

"डावीकडे खडक," धुक्यातून आवाज आला. "जरा थांबा..." काका थांबले. पाणी बोटीच्या अंगाला चाटत राहिलं. मग आवाज आला, "साफ आहे."

मेस्त्री पुढे उभे आहेत, असं पुतणीला वाटलं. मेस्त्री म्हणजे इंजिन सांभाळणारे, बोटीवरचे काकांशिवायचे एकमेव माणूस. इतक्यात तिच्या पायाशी झाकण उघडलं आणि तेलाने बरबटलेले मेस्त्री इंजिनाच्या खणातून वर आले.

"मेस्त्री, टोकावर कोण आहे?"

"चहा घेता का, ताई?" मेस्त्री म्हणाले. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

ती कठड्याला धरून पुढे गेली. टोकावर कुणी नव्हतं. बंद टाकीतल्या पाण्याला येतो तसा शिळा, गार वास तेवढा येत होता. धुक्याने सगळा कठडा निथळत होता. फक्त एका ठिकाणी, दोन तळवे मावतील एवढी जागा कोरडी ठणठणीत होती. ती वाकून बघते आहे तोवर मागून काकांनी पुन्हा विचारलं, आणि तिच्या खांद्याला लागून, पण श्वासाचा स्पर्शही न होता, कुणीतरी म्हणालं, "साफ आहे."

केबिनमध्ये परत कशी आली, हे तिचं तिलाच कळलं नाही. पण काकांचा चेहरा बघितला आणि तिची भीती मागे पडली. ते शांत होते. सुकाणूवर बोटांनी ताल धरून होते.

"काका, तो... तो पुढ्यादादाचा आवाज आहे."

"मग? कुणाचा असणार?"

नवा माणूस का ठेवला नाही, असं तिने विचारलं. कशाला ठेवायचा, म्हणाले. याच्यासारखी नजर दुसऱ्या कुणाची आहे? खात नाही, झोपत नाही, आजारी पडत नाही. धुक्यात तर आताशा त्याला पूर्वीपेक्षा चांगलं दिसतं. हे सगळं ते नवीन इंजिनाचं कौतुक करावं तसं सांगत होते.

पुतणीने पुस्तकांत नाना तऱ्हेचे मालक वाचले होते. कामगारांना कोंडून घालणारे, लहान मुलांना राबवणारे. पण मेलेल्या माणसालाही सुटी न देणारा मालक कुठल्या पुस्तकात नव्हता. तो तिच्या घरात निघाला. त्याच्याच ताटाशेजारी ती काल जेवली होती.

"पाय घसरला होता ना त्याचा?" तिने विचारलं.

काकांची बोटं सुकाणूवर थांबली. "थांबा म्हणाला होता तो," ते म्हणाले. "पाहुण्यांना घाई होती. मला वाटलं, निघेल बोट. जरा घासली... तेवढ्या धक्क्याने गेला."

"आणि तुम्ही ते लपवलंत. वहिनीपासूनही."

"सांगून तो परत येणार होता का? आणि आला की तो. रोज येतो."

बोट धक्क्याला लागली. काका आणि मेस्त्री दोर बांधत होते, तेव्हा ती पुन्हा टोकावर गेली. ती मोठ्याने बोलली. "पुढ्यादादा, इथे उभं राहायचं काम आजपासून तुमचं नाही. ज्यांची बोट आहे ते बघून घेतील. तुम्ही निघा."

बघता बघता कठड्यावरच्या त्या कोरड्या जागेत धुक्याचे थेंब जमले आणि ती जागा बाकीच्या कठड्यासारखी झाली. पुतणी तिथेच बसून रडली. काहीतरी चांगलं केलं, असं तिला वाटलं.

सकाळी धुकं तसंच होतं. पाहुणे टोप्या घालून आले. पुतणी त्यांच्या वाटेत उभी राहिली आणि खडकांपाशी पुढ्या कसा गेला, हे तिने सगळ्यांदेखत सांगितलं. पुढे नजर ठेवायला जिवंत माणूस येईपर्यंत ही बोट हलणार नाही, हेही सांगितलं. पाहुणे कुजबुजत परत फिरले. मेस्त्रींनी खिशातला पाना काढून धक्क्यावर ठेवला आणि त्याच्याशेजारी बसले.

"तुम्हीसुद्धा?" काका म्हणाले.

"मला घरी जायचंय, शेठ. माझ्या पायांनी."

काकांनी दोर सोडायला घेतला. पोरीच्या भाषणाने बोटी बंद पडायला लागल्या तर झालंच, म्हणाले. पलीकडच्या धक्क्यावरून दुसरे पाहुणे घेतो, म्हणाले, आणि एकटेच निघाले. पुतणीने हाका मारल्या, दोर धरून ठेवायला बघितलं. दोर तिच्या तळव्यांची सालटं काढत निसटला.

बोट दिसेनाशी झाली. खडकांपाशी इंजिन मंद झालेलं ऐकू आलं. "पुढे काय दिसतं?" काकांचा आवाज पाण्यावरून आला. उत्तर नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा, पण या वेळी त्यांच्या आवाजात मालकाचा रुबाब राहिला नव्हता. मग इंजिनही बंद पडलं.

पुतणी आणि मेस्त्री कान देऊन उभे राहिले. लाकूड फुटल्याचा आवाज येईल असं दोघांना वाटत होतं. तो आला नाही. बऱ्याच वेळाने इंजिन सुरू झालं आणि बोट धुक्यातून परत येताना दिसली. अगदी सफाईने, खडक चुकवत.

काका टोकावर उभे होते. दोन्ही हातांनी कठडा इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. केबिनची काच स्वच्छ होती. आत कुणी नव्हतं. सुकाणू सावकाश, जाणत्या हाताने फिरवावं तसं फिरत होतं.

बोट धक्क्याला लागली नाही. हातभर अंतरावरून सरकत गेली.

"पोरी," काका पुटपुटले, "मला हात सोडता येत नाहीत..."

पुतणी धक्क्यावरून बोटीबरोबर धावली. "पुढ्यादादा, असं नव्हतं म्हणायचं मला! थांबा!" बोट वळली आणि तिचं तोंड उघड्या समुद्राकडे झालं.

केबिनमधून, न रागावता, कामापुरता आवाज आला. "पुढे काय दिसतं?"

काकांनी मान उचलली आणि धुक्यात बघितलं. खूप वेळ बघितलं.

"माणसं," ते म्हणाले. "पाण्यावर उभी आहेत... वाट बघतायत. जरा थांबा..."

इंजिन मंद झालं नाही.