दावणीतली बोट

पवळ्या बैल शिवकन्याच्या मांडीवरचा कडबा शांतपणे खात होता, तरी ती जागची हलली नाही. शेजारी लखन आणि करिष्मा बसले होते. तिघंही एका बोटीत होती आणि बोट सरपंचांच्या गोठ्यात होती. गोठ्यात पाणी नव्हतं, पण त्याला इलाज नव्हता.

खरीखुरी मोटरबोट होती ती, फायबरची. शिवकन्याच्या जन्माच्या कितीतरी आधी, बिंदुसरा नदीवरच्या धरणात सहलींसाठी आणलेली. पहिल्याच दिवशी ती पाहुण्यांसकट काठाशीच बुडाली. पाहुणे चालत बाहेर आले. बोट ओढून काढावी लागली. मग तिचं काय करायचं हे कुणाला सुचेना, म्हणून कुणीतरी तिच्यात कडबा टाकला. तेव्हापासून सरपंच बंकटकाकांचे बैल तिच्यात जेवत होते. जिल्ह्यात इतकी ऐसपैस गव्हाण दुसरी नसेल.

या दिवाळीच्या सुट्टीत काकांना नवीनच सुचलं होतं. बोट वेशीत सिमेंटमध्ये रोवायची, वर रंगीत दिवे सोडायचे आणि पाटी लावायची : सेल्फी पॉइंट.

"उठा," काका म्हणाले. "मिस्त्री यायलाय."

"न्हाई उठत," शिवकन्या म्हणाली.

बोट बुडाली त्या दिवशी ती चालवायला शिवकन्याचे आजोबा होते, मुंजाजी आबा. तेव्हापासून गाव त्यांना 'बुडव्या' म्हणायचं. पंगतीत ते आमटी वाढायला उभे राहिले, तर लोक म्हणायचे, जपा, भात बुडवतील. आता बोट वेशीत उभी राहिली की येणारा प्रत्येक पाहुणा तिची गोष्ट विचारणार, आणि गाव ती आनंदानं सांगणार. रंगीत दिव्यांच्या उजेडात.

करिष्मा तर सरपंचांचीच मुलगी. काकांनी तिला बजावलं, घरी जेवायला मिळणार नाही. तिनं पवळ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, इथंच जेवते.

भिंतीवर माणसं जमायला लागली. शेवटी काका म्हणाले, "ठीक हाय. गळकी हाय ती. तरंगली तर तुमची, बुडाली तर सिमेंट."

"चालतंय," शिवकन्या म्हणाली. "पण त्या वक्ताला आत तुमी बसायचं."

भिंतीवरचे सगळे मतदार होते. काकांना हो म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून कामाला सुरुवात झाली. आधी शेण काढलं. मग जुना कडबा काढला. मग त्याखालचं आणखी जुनं शेण काढलं. त्याच्याखाली चक्क बोट निघाली. बैलांच्या शिंगांनी कडेला भेगा पडल्या होत्या. पाण्याच्या टाक्या जोडणाऱ्या सुग्रीवमामांनी फायबरची जाळी आणि चिकट रेझिन दिलं आणि घट्ट करायचं औषध थेंब मोजून टाकायला सांगितलं. लखनला थेंब पटले नाहीत. त्यानं बुचभर ओतलं. मगातलं रेझिन तापलं, धूर निघाला आणि प्लॅस्टिकचा मगच वाकून बसला. त्यानंतर लखन थेंब मोजू लागला.

भेगा घासून झाल्या, जाळ्या बसल्या. राहिलं मागच्या बाजूचं, तळाशी असलेलं एक भोक.

"हे बुजवतो," लखन म्हणाला.

"थांब बे." शिवकन्यानं भोकात बोट घातलं. भोक अगदी गोल होतं आणि आत आटे होते. बैलाचं शिंग आटे पाडत नाही.

ती घरी पळाली. आबा अंगणात इंजिनापाशी होते. बोट गेली तरी इंजिन त्यांनी वाकळीत गुंडाळून जपलं होतं. दर पोळ्याला ते पाण्याच्या ड्रमवर अडकवून सुरू करायचे. गावाच्या मते त्यांचं डोकं फिरलं होतं.

"तिथं पितळंचं बूच असतंय," आबा म्हणाले. "बोट काठावर जमिनीला उभी असताना आतलं पाणी तिथून काढायचं. त्या दिवशी सकाळी माज्या हातानं आवळलं होतं. समद्यांला सांगितलं. कुणी ऐकलं न्हाई."

मग बूच गेलं कुठं?

शिवकन्यानं गोठ्यात परत येऊन हेच विचारलं. करिष्मा म्हणाली, पप्पा दर पोळ्याला फुशारकी मारतात, की उद्घाटनाला बोट त्यांनी बैलासारखी धुतली होती. पुढच्या टोकाला हिंगूळ लावला, बेगड चिकटवली, झूलसुद्धा घातली.

"धुतली, तर आतलं पाणी कसं काढलं?" शिवकन्यानं विचारलं.

तेवढ्यात पवळ्यानं माशा हाकलायला मान झटकली. घुंगरमाळ वाजली. लखनच्या घरी शेळ्या-मेंढ्या. आवाजावरून जनावर ओळखायची त्यांची रीत. त्यानं कान टवकारले.

"एक घुंगरू मुकं हाय," तो म्हणाला.

बोटीच्या परीक्षेच्या दिवशी सगळं गाव धरणावर आलं. इंजिन मागे बसवलं होतं. बंकटकाका गळ्यात ट्रॅक्टरची ट्यूब घालून बोटीत बसले. बोट गुडघाभर पाण्यात ढकलली. थोड्या वेळानं काकांचे बूट ओले झाले.

"बघा!" काका आनंदानं ओरडले. "गळकी! म्या म्हणलंच होतं!"

"गळकी न्हाई, काका." शिवकन्या पाण्यात उभी होती. तिनं मूठ उघडली. "हे लावलं न्हाई म्हणून पाणी यायलंय. तुमच्या पवळ्याच्या माळेत घावलं. तिथं कसं काय गेलं?"

काकांनी पितळेच्या तुकड्याकडे पाहिलं. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं, आणि त्याच्यासोबत आठवणही आली.

"धुतल्यावर पाणी निघंना," ते हळू म्हणाले. "म्हणून म्या काढलं. मग पाहुण्यांची गाडी आली. खिशातच राहिलं. नंतर वाटलं, पितळ चांगलं हाय, ववावं माळंत."

"मोठ्यानं," शिवकन्या म्हणाली. "मागं ऐकू जात न्हाई."

काकांनी मोठ्यानं सांगितलं. ट्यूबसकट.

तिनं बूच आटे धरून आवळलं. लखननं घमेल्यानं पाणी उपसलं. आबा चढले, बसायच्या आधी वाकून बूच चाचपलं आणि इंजिनाची दोरी ओढली. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि सुरू झालं. काकांना उतरायचं होतं. कुणी उतरू दिलं नाही. बोट त्यांना घेऊन धरणात गेली, मोठं वळण घेऊन परत आली. तोवर काठावर कुणीच 'बुडव्या' म्हणत नव्हतं. म्हाताऱ्या कडूबाई म्हणाल्या, "मुंजाजी, मला बी एक चक्कर मार." मग तिन्ही मुलांकडे पाहून म्हणाल्या, "आमच्या एवढ्या शहाण्या गावाला हे भोक दिसलं न्हाई. लेकरांनो, तुमी लई भारी."

वेशीतला सिमेंटचा ओटा मात्र तयारच होता. गव्हाण गेल्यामुळे पवळ्याला आता तिथं बांधतात. सेल्फी चांगले येतात. त्याच्या माळेत एक घुंगरू कमी आहे, पण आवाजात काहीही फरक पडलेला नाही.