दोन फेऱ्यांचा माणूस

बर्फाच्या टबात कुणी असेल असं बारकीच्या ध्यानीमनीही नव्हतं. फिजिओच्या खोलीबाहेरच्या तक्त्यावर सात ते सव्वासात या रकान्यात तिचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि आत एक अनोळखी तरुण गळ्यापर्यंत बुडून, डोळे मिटून, निळ्या पडलेल्या ओठांनी काहीतरी पुटपुटत होता.

"उठा," ती म्हणाली. "माझी वेळ झाली."

"अजून अठ्ठावीस."

"अठ्ठावीस काय?"

"सेकंद, आत्तापासून. बोलू नका... मोजणी चुकते."

भिंतीवर घड्याळ नव्हतं. त्याच्या मनगटावरही नव्हतं. बारकीने गुपचूप खिशातलं स्टॉपवॉच दाबलं. तो दात वाजवत, पाणी निथळत उभा राहिला तेव्हा तिने ते बंद केलं. अठ्ठावीस पूर्णांक एक.

"एक दशांश चुकलात."

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "तो दशांश तुमच्या अंगठ्याचा. बंद करायला उशीर केलात."

उशीर झालाच होता. का झाला, हे मात्र बारकीने कुठल्याही डायरीत नोंदवलं नाही. एरवी ती प्यायलेलं पाणीसुद्धा नोंदवायची.

नोंदवावंच लागे. बारकी पंधराशे मीटर धावायची आणि चार वर्षं सरकारच्या 'शिखर' योजनेत होती. योजना देशातली होतकरू मुलं वेचून आणायची. त्यांना खोली, आहार, बूट, फिजिओ, मानसतज्ज्ञ सगळं द्यायची आणि दर सहा महिन्यांनी आढावा घ्यायची. आढावा म्हणजे एका लांब टेबलामागे साहेब, समोर संगणकावर तक्ता, आणि तक्त्यात तीन रंग. हिरवा म्हणजे राहा. पिवळा म्हणजे बघू. लाल म्हणजे सात दिवसांत खोली रिकामी करा. योजनेला खरं म्हणजे माणसं नकोच होती, आकडे हवे होते. पण आकडे सुटे मिळत नाहीत, माणसाला चिकटूनच येतात, म्हणून एवढा पसारा.

बारकीची खोलीसोबतीण भालाफेक करायची. खांदा गेला आणि गेल्या आढाव्यात तिचा रंग लाल झाला. निघताना वॉर्डनबाईंनी तिच्या खोलीतले हँगर मोजून घेतले. बारा दिले होते, अकरा भरले. आठ वर्षं त्या पोरीने देशासाठी भाला फेकला आणि दारात उभं राहून एका हँगरचा खुलासा दिला. ती रडली नाही. बारकीला म्हणाली, "तू लवकर पळ गं. इथे सावकाश पळणाऱ्याला कुणी ओळखत नाही."

बारकीचा रंग पिवळा होता. चार मिनिटं चौदा सेकंद ही तिची सर्वांत चांगली वेळ. योजनेला हवी होती चार बारा. पाच महिन्यांत निवड चाचणी. तेविसाव्या वाढदिवसानंतर तिला दुसरी संधी नव्हती, आणि वाढदिवस चाचणीच्या आठवडाभर आधीच येत होता; म्हणजे ही चाचणी शेवटचीच. गावाकडे आई प्रत्येक फोनवर एकच विचारायची, "हिरवं झालं का गं?" जणू शेतात काही पेरलंय.

म्हणून मॅडमनी, म्हणजे तिच्या प्रशिक्षिकेने, योजनेकडे भांडून पेसर मागवला. तिच्या तोडीची दुसरी मुलगी आसपास नव्हती. चाचणीतसुद्धा पहिल्या दोन फेऱ्या पुरुष पेसर चालेल, अशी परवानगी आली. आणि तो पेसर निघाला टबातला माणूस.

पेसरचं काम ऐकायला सोपं. पुढे राहायचं, ठरलेल्या गतीने दोन फेऱ्या ओढून न्यायच्या, आणि आठशे मीटरला मुकाट्याने बाजूला व्हायचं. जिंकायचं नाही, हरायचंही नाही. हा पूर्वी शिखरमध्येच होता. एका आढाव्यात लाल झाला, आणि घरी जायची लाज वाटली म्हणून कंत्राटावर परत आला. फेरीला सदुसष्ट सेकंद सांगितले की सदुसष्टच देणारा. बारकीने पहिल्याच आठवड्यात त्याचं बारसं उरकलं.

"काय घड्याळराव, आज चावी दिली का?"

"दिली. पण मागच्या माणसाने धाप टाकत टोमणे मारू नयेत. श्वास वाया जातो."

"तुम्ही वळून तर बघत नाही. मी धाप टाकतेय हे कसं कळलं?"

"वळलं तर दोन दशांश जातात. मी बघत नाही... ऐकतो."

"काय ऐकता?"

"तुमचा डावा पाय उजव्यापेक्षा जोरात पडतो. दमलात की दोन्ही सारखे पडतात. आणि मोडायच्या आधी..."

"मोडायच्या आधी काय?"

"डावी मूठ आवळता. ते नखांनी कळतं. सराव संपल्यावर तळहातावर चार खुणा असतात."

बारकीने हात पाठीमागे लपवला. इतकी वर्षं तिचं रक्त, वजन, झोप, हाडांचं वय सगळं तपासून झालं होतं. तळहात कुणी पाहिला नव्हता.

तिच्या बाजूचा हिशोब उलटा होता. त्याचा चेहरा तिने जेवढा पाहिला, त्याच्या दहापट त्याची पाठ पाहिली. मानेवरचा केसांचा भोवरा, बनियनवर घामाने उमटणारा नकाशा, उजव्या खांद्याचा किंचित झोक. रस्त्यात शंभर माणसं पाठमोरी उभी केली असती तरी तिने त्याला हात धरून बाहेर काढलं असतं.

एकदा सरावात रिमझिम सुरू झाली आणि दोघं शर्यतीचे अडथळे ठेवायच्या शेडमध्ये शिरली. पत्र्यावर थेंबांची टिपटिप, ओल्या रबराचा वास, आणि बसायला एकच अडथळा आडवा पडलेला.

"तुम्हाला कधी शेवटची रेषा ओलांडावीशी वाटत नाही?" तिने विचारलं.

"वाटायची. आता सवय झाली. लोक शेवट बघायला येतात, मी तोवर पाणी पीत असतो."

"म्हणजे सगळं अर्ध्यावर सोडायचं, हाच धंदा?"

"हाच."

"मग तुमच्याशी लग्न करणारीची पंचाईत आहे. दोन फेरे झाले की तुम्ही बाजूला!"

तो मोठ्याने हसला. मग हसणं विरलं आणि दोघंही आपापल्या बुटांकडे बघत बसली. त्यानंतर 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते ना त्याला कळलं, ना तिला. मॅडमना कळलं. "पाठ बघ त्याची," त्या एवढंच म्हणाल्या, "तोंड बघू नकोस. तोंडाने वेळ कमी होत नाही."

वेळ मात्र कमी होत होती. चौदा, मग तेरा पूर्णांक सहा, मग तेरा. आणि जे बोलायला हवं होतं ते दोघांनीही चाचणीनंतरवर ढकललं होतं. खेळाडू सगळंच चाचणीनंतरवर ढकलतात... गोड खाणं, रडणं, प्रेम.

चाचणीच्या दिवशी वारा नव्हता. दोन फेऱ्या त्याने नेहमीसारख्या कातरून दिल्या आणि आठशेला आतल्या गवतावर उतरला. आता पुढे पाठ नव्हती. नुसती लाल मोकळी वाट, आणि ती वाट बघूनच बारकीचे पाय जड झाले. तिसरी फेरी तिने एकटीने रेटली. शेवटचे तीनशे मीटर उरले ते नेमके त्याच जागी, जिथे तो उतरला होता. तो तिथेच उभा होता. त्याचं काम संपलं होतं. बाटली उघडायची आणि पाणी प्यायचं, एवढंच उरलं होतं.

त्याला तिची डावी मूठ आवळलेली दिसली.

आयुष्यात पहिल्यांदा घड्याळरावांचं घड्याळ बिघडलं. बाटली फेकून तो कडेच्या गवतावरून तिच्या बरोबरीने धावू लागला, ओरडू लागला, "मूठ सोड! माझ्या मागे ये... मूठ सोड!" शंभर मीटर. तिने मूठ सोडली. पुढचं वळण आणि शेवटचा पल्ला तिला आठवतही नाही. फलकावर आकडा लागला: चार अकरा पूर्णांक आठ.

सगळ्यात आधी मॅडमचा चेहरा पडला. मग पंचांनी लाल झेंडा उचलला.

नियम लहान मुलालाही माहीत असतो. शर्यतीत नसलेल्या माणसाने बरोबर धावणं ही बाहेरची मदत, आणि बाहेरच्या मदतीने आलेली वेळ म्हणजे शून्य.

"तुला नियम माहीत नव्हता?" मॅडमनी त्याला विचारलं. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं.

"होता."

"मग?"

तो गवतात पडलेली बाटली उचलायला गेला.

संध्याकाळी साहेबांनी बारकीला कार्यालयात बोलावलं. माणूस वाईट नव्हता. टेबलावरची बिस्किटांची बशी त्यांनी तिच्याकडे सरकवली. "एक वाट आहे," ते म्हणाले. "घुसखोरी झाली आणि खेळाडूचा त्यात हात नसेल, तर फेरचाचणी देता येते. हा खुलासा भरायचा. दोघांनीही."

कागदावर एकच प्रश्न महत्त्वाचा होता. सदर व्यक्तीशी कामापलीकडे काही संबंध आहे काय? खाली बारीक अक्षरांत: माहिती खोटी आढळल्यास खेळाडूचं नाव योजनेतून कायमचं कमी करण्यात येईल.

"संबंध असला तर ते संगनमत होतं," साहेब चष्मा पुसत म्हणाले. "नसला तर तुझा दोष नाही. मी काही विचारत नाही हं, पोरी. तू फक्त लिही."

तो बाहेर बाकावर बसला होता. त्याचं ओळखपत्र काढून घेतलं होतं. गळ्यात नुसती दोरी राहिली होती.

बारकी कागद घेऊन त्याच्याशेजारी बसली. "काय लिहू?"

"'नाही' लिही."

"तसं आहे का?"

तो गळ्यातली रिकामी दोरी बोटाला गुंडाळू लागला.

"मी तुला विचारतेय. तू आत्ता काही बोललास तर मला 'नाही' लिहिता येणार नाही. खोटं मला जमत नाही, तुला माहितीय." तिने कागद त्याच्यासमोर धरला. "बोल ना... काहीतरी बोल."

"चार महिन्यांत मी तुला काही म्हणालो का?"

"नाही."

"तू मला?"

"नाही."

"मग झालं तर. 'नाही' हेच खरं." आणि तिच्या हातातलं पेन घेऊन त्याने स्वतःच्या रकान्यात, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात लिहिलं: नाही. सही केली. "आता तू."

पोरगी पोटातून ओरडत होती, की हे माझ्या डोळ्यांत बघून म्हण. पण तिचा हात लिहीत होता. चार वर्षं, आईचा फोन, अकरा हँगर... हाताला सगळं पाठ होतं.

फेरचाचणी पंधरा दिवसांनी झाली. पेसर नवा होता; त्याच्या पाठीवर बघण्यासारखं काही नव्हतं. बारकी चार अकरा पूर्णांक सहा धावली. रागाने धावली, एकटी धावली, आणि कुणाच्याही मदतीशिवाय धावली. म्हणजे त्या दिवशीही कदाचित जमलंच असतं, कुणास ठाऊक. हा विचार तिला हरण्यापेक्षा जास्त छळायचा. तक्त्यात तिचा रंग हिरवा झाला. आई फोनवर रडली. दोन वर्षांसाठी नाव पक्कं झालं, आणि त्या दोन वर्षांत त्या कागदावरचा एक शब्द खरा ठेवायची जबाबदारीही.

तिने त्याला एकदाच फोन केला होता. "दोन वर्षं..." एवढंच म्हणाली.

"असलं काही मागू नकोस," तो हळू म्हणाला. "मी 'हो' म्हणेन. मग तुझा कागद खोटा होईल." आणि नंतर त्याने नंबर बदलला.

सहा महिन्यांनी, पुढच्या आढाव्याच्या आदल्या दिवशी, साहेब हिरव्या रंगाच्या चार मुलींना नवे बूट घ्यायला बाजारात घेऊन गेले. खरेदी झाली, पिशव्या घेऊन सगळे फुटपाथवर गाडीची वाट बघत उभे राहिले. आणि समोरच्या पाठमोऱ्या गर्दीत बारकीला तो भोवरा दिसला.

तिच्या तोंडून आवाज निघून गेला. नाव नव्हतं, शब्दही नव्हता; नुसताच आवाज. पण तो वळला. ऐकायची सवय होती त्याला. दोन पावलं तो थेट तिच्याकडे आला, चेहऱ्यावर सहा महिने एकदम उजळले. तिनेही पिशवी खाली ठेवली होती, हात अर्धा पुढे गेला होता...

"कोण गं?" शेजारून साहेबांनी विचारलं. ते चष्म्यावरून बघत होते. तो त्यांना आठवत होता, की ते आठवू पाहत होते, सांगता येत नव्हतं. मधल्या काळात त्याने दाढी वाढवली होती.

बारकीचे ओठ उघडले. ती काय म्हणणार होती, ते तिलाही माहीत नव्हतं. 'नाही' दुसऱ्यांदा जमेल असं तिला वाटत नव्हतं. त्याने तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं, आणि तिच्या आधी बोलला.

"माफ करा, ताई," तो म्हणाला. "बसस्टँड कुठेशी आलं?"

ताई.

रस्त्यावर कुठल्याही परक्या बाईला माणूस हेच म्हणतो. त्यात काही चुकत नाही. उलट ती चांगली रीत मानतात.

"सरळ जा," बारकी म्हणाली. आवाज तिचाच होता, लांबून आल्यासारखा. "पुढे पेट्रोल पंप लागेल. तिथून उजवीकडे."

"लांब आहे का फार?"

"आहे... चालत जमेल."

"बरं. येतो, ताई."

साहेबांनी मान डोलावली आणि गाडी आली का ते बघू लागले. तो निघाला, तिने सांगितलं तसा सरळ, हातात कुठल्याशा दुकानाचं पोहोचवायचं खोकं घेऊन. खोक्यावर पत्ता मोठ्या अक्षरात होता, बारकीला तो तिथूनही वाचता आला. अगदी उलट्या दिशेचा. तरीही तो पेट्रोल पंपापर्यंत गेला, आणि उजवीकडे वळला.