फक्त दारापर्यंत

त्या सोमवारी विशेष असं काहीच घडलं नाही. ती इस्त्री करत होती आणि बाबा खुर्चीत बसून वर्तमानपत्रातून कापलेला एक चिटोरा उघडत होते, पुन्हा घडी घालत होते.

"उद्या सहाला असते म्हणे ती मीटिंग. दारू सोडणाऱ्यांची," ते म्हणाले. "येशील का गं सोबत? आत नको. फक्त दारापर्यंत."

दारू सोडण्याच्या शपथा तिने लहानपणापासून इतक्या ऐकल्या होत्या की कानांना घट्टे पडले होते. मान वर न करताच ती म्हणाली, "बघू."

मंगळवारी सकाळी बाबा उठलेच नाहीत. झोपेतच हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. चिटोरा खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात होता. सदरा तिनेच इस्त्री केलेला.

महिन्याभराने, अशाच एका मंगळवारी, चष्म्याचं दुकान लवकर आवरून ती त्या पत्त्यावर निघाली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. बाबांना ती जागा सापडली असती का, एवढंच बहुतेक बघायचं होतं.

बाहेर भुरभुर चालली होती. जिन्याच्या तोंडाशी एक उंच माणूस स्टुलावर चढून भिंतीला कागदी बाण लावत होता. चिकटपट्टी भिंतीपेक्षा त्याच्या बोटांनाच जास्त चिकटली होती.

"जरा हे टोक धरता?"

तिने धरलं. मग त्याने खाली पाहिलं... आणि बाण वाकडाच चिकटला.

"वर जायचंय ना? तिसरा मजला. लिफ्ट बंद आहे."

"कधी सुरू होईल?"

"मी लिफ्टच दुरुस्त करतो. पण हिला हात लावत नाही."

"का?"

"तीन मजले चढून आलेला माणूस दारातून परत जात नाही. गुडघे जाऊ देत नाहीत." तो हसला. "मी स्वतः चार वेळा खालूनच पळालोय. म्हणून हे बाण."

तिला हसू आलं. महिन्याभरात पहिल्यांदाच. ते लपवायला ती भराभर जिना चढून गेली... आणि तिथेच गफलत झाली.

वरची खोली पिणं सोडलेल्यांची. सगळे तिला नवीनच आलेली समजले. सगळे जिला माई म्हणत त्या निवृत्त नर्सने तिचा हात हातात घेतला. "पहिलं पाऊल सगळ्यात जड असतं, पोरी. टाकलंस ना, झालं तर मग!" ती तोंड उघडणार तोवर टाळ्या वाजल्या. बाबा गेल्यापासून इतक्या मायेने कोणी हात धरला नव्हता. "आज मला बोलायचं नाही," एवढंच ती म्हणाली. तिथे तेही चालायचं.

पुढच्या मंगळवारी ती पुन्हा गेली. त्याच्या पुढच्याही. चिकटपट्टीचं टोक धरणं हे तिचंच काम होऊन बसलं. लिफ्टवाला सहा वर्षं दारूला शिवला नव्हता. पण त्याने कधी शपथ म्हणून घेतली नाही. "आज प्यायलो नाही," एवढंच तो सांगायचा. "उद्याचं उद्या." तिला ते शपथेपेक्षा खरं वाटायचं.

पाचव्या मंगळवारी तो म्हणाला, "चष्मेवाली, माझे डोळे तपास एकदा. हल्ली एकच माणूस दिसतो."

"नंबर वाढला असेल."

"वाढलाय खरा... पण इलाजाला परवानगी नाही."

"म्हणजे?"

तो एकदम गंभीर झाला. "नव्या माणसाने पहिलं वर्षभर प्रेमाबिमात पडू नये, असं आमच्यात सांगतात. आधी स्वतःच्या पायांवर उभं राहायचं. आणि जुन्याने तर नव्याकडे तसं बघूही नये." कोरडं स्टूल तो उगाच पुसत राहिला. "सत्तेचाळीस मंगळवार उरलेत. थांबेन मी. माझ्यापायी तुझं पाऊल मागे पडायला नको."

तिने न प्यायलेल्या दारूसाठी हा माणूस वर्षभर थांबायला निघाला होता! खरं सांगितलं तर ही खोली जाणार. आणि तोही...

त्या संध्याकाळी ती बोलायला उभी राहिली.

"मी थेंबभरही कधी घेतलेली नाही. माझे बाबा प्यायचे. इथे यायला निघाले होते ते. मला म्हणाले, दारापर्यंत येशील का? मी म्हटलं, बघू. दुसऱ्या दिवशी ते गेले... त्यांच्या वाटणीची माया पाच आठवडे मी घेत राहिले. माफ करा मला."

"अगं, थापांचं काय घेऊन बसलीस," माई डोळे पुसत म्हणाली. "आम्ही सगळे त्यातले पदवीधर!"

पण ती पिशवी उचलून जिना उतरू लागली होती. मागून धाडधाड पावलं आली.

"सत्तेचाळीस मंगळवार!" लिफ्टवाला धापा टाकत होता. "कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्यात मी, बाई!"

"रागावलास?"

"रागावलोय तर! पाच आठवडे तुझ्याशी नीट बोलता आलं असतं." मग त्याचा आवाज उतरला. "मीही चुकलोच. काही न विचारता तुला वर पाठवलं."

तळमजल्यावर, मागच्या बाजूच्या एका खोलीत दिवा होता. आतून हलकं बोलणं ऐकू येत होतं.

"पिणाऱ्यांच्या घरची माणसं तिथे बसतात," तो म्हणाला. "तुझी जागा ती." त्याने हात पुढे केला. बोटांना अजून चिकटपट्टीचे तुकडे होते. "येऊ सोबत? आत नाही. फक्त दारापर्यंत."

तिने तो हात घट्ट धरला. दोघं दारापर्यंत गेले. उंबऱ्याशी ती थांबली, डोळे मिटले, आणि त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"चला, बाबा. येते ना मी. दारापर्यंत कशाला... आत येते."