सुडाची शिवण

"मावशी, तूच सांग ना, मला कुठला शोभेल?"

थोरलीच्या हातातली कात्री कापडावरच थबकली... तेच कपाळ, तीच हनुवटी! जिच्या घराकडे तिने वर्षानुवर्षं पाठ फिरवली होती, त्या धाकट्या बहिणीची ही मुलगी आपल्या पायांनी शिवणाच्या दुकानात आली होती आणि म्हणत होती, माझ्या लग्नाचा गाऊन तूच शीव!

"आईला विचारून आलीस?"

"विचारलं असतं तर येऊ दिलं असतं का तिने? तुझं नाव काढलं की म्हणते, कुठल्या तोंडाने जाऊ ताईकडे..."

तोंड! थोरलीच्या उरात विझलासा वाटणारा वणवा पुन्हा भडकला. आई गेल्यावर तिनेच धाकटीला वाढवलं होतं. शाळा सोडून मशीनवर बसली ती तिच्यासाठीच. मग थोरलीचं लग्न ठरलं. गिऱ्हाइकांची कामं आटपून, उरल्यासुरल्या वेळात तिने स्वतःसाठी गाऊन शिवला, एकेक टाका जणू काळजातून ओढलेला! आजारी आत्याला बघायला ती परगावी गेली आणि परतली तेव्हा कपाटातला हँगर रिकामा होता. होणारा नवरा, बहीण आणि गाऊन, तिन्ही गेली होती. धाकटीने तो गाऊन परक्या शिंप्याकडून दोन्ही बाजूंनी आत घेऊन अंगावर चढवला आणि त्याच माणसाशी लग्न लावलं होतं!

त्या माणसाचं दुःख केव्हाच आटलं होतं. एकदा तो बाजारात दिसला, टक्कल पडलेला, कोबीच्या गड्ड्यावरून भाजीवाल्याशी हुज्जत घालणारा, आणि थोरलीला चक्क सुटल्यासारखं वाटलं. पण तो गाऊन... तो अजूनही तिच्या अंगाची आग आग करत होता.

"हात वर कर," ती शांतपणे म्हणाली.

टेप फिरला. पोरगी बुटकी, खांदे अरुंद, कंबरेखाली भरलेली. कंबरेच्या जरा वरपर्यंत अंगालगत आणि तिथून खाली मोकळा सोडलेला, पुढे उतरता गळा... त्यात ही उजळून निघेल, हे हातांना मापं घेतानाच कळलं. पण ओठांनी दगा दिला.

"फिशकट. गुडघ्यापर्यंत अगदी घट्ट, खाली झालर. सगळे बघत राहतील."

"मैत्रिणी म्हणतात, बुटकीने फिशकट घालू नये."

"मैत्रिणी शिवतात का?"

"बटणसुद्धा लावता येत नाही एकीला!" भाची खळखळून हसली. "बरं बाई, तू म्हणशील तसं."

आणि थोरलीने तो गाऊन शिवला, मन लावून शिवला! प्रत्येक टाक्यागणिक तिला तो मांडव दिसत होता... तोंडावर हात धरून हसणारे पाहुणे, आणि पुढच्याच रांगेत मान खाली घालून बसलेली धाकटी. भोग आता! तुझ्या लेकीच्या अंगावर बघ माझं दुःख!

ट्रायलच्या दिवशी भाची आरशासमोर उभी राहिली. कापड कंबरेखाली ताणून बसलं होतं, झालर पायांत घोटाळत होती, पाऊल टाकायलासुद्धा जागा नव्हती. तिने झालर मुठीत उचलून धरली.

"छान आहे गं, मावशी."

"नीट बघ तरी!"

"बघितलं." तिचे डोळे डबडबले. "मला कळलं. तू मुद्दाम शिवलास असा."

"मग ओरड ना माझ्यावर! फाडून टाक!"

"नाही. मी हाच घालणार. हसू देत लोक. आईने तुझं सगळं नेलं, मी त्यातूनच जन्मले... माझं हसं झाल्याने तुझा जीव थंड होणार असेल, तर होऊ दे. पण मग तरी येशील ना गं माझ्या लग्नाला?"

थोरलीला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं जपलेला सूड अखेर उगवला होता, तो या निष्पाप जिवावर!

"काढ तो!" ती किंचाळली. तिने स्वतःच्या हातांनी शिवण टराटरा उसवली आणि कोरं मोतिया कापड टेबलावर पसरलं. "आणि ट्रायलला येशील तेव्हा तुझ्या आईला घेऊन ये. तिचा हिशेब तिच्याशीच!"

नवा गाऊन घालून भाची स्टुलावर चढली त्या दुपारी धाकटी दारात उभी होती, केस पिकलेली, खांदे पडलेली.

"ताई, मला क्षमा कर..."

"नाही करायची! मागायला तोंड नव्हतं तुला? गाऊन मागितला असतास तर मीच तुझ्या मापाचा करून दिला असता! अगं, तो माणूससुद्धा दिला असता... रडत रडत दिला असता!"

"म्हणूनच नाही मागितलं!" धाकटीचा बांध फुटला. "तू दिला असतास, ताई! घास दिलास, शाळा दिलीस, तुझं उभं तारुण्य दिलंस... तुझ्या देण्याखाली मी गुदमरले होते गं! वाटलं, एक तरी गोष्ट अशी असावी, जी तू मला दिलेली नाही..."

थोरली थिजली. आपल्या त्यागाचं ओझं त्या लहानग्या खांद्यांवर होतं, हे तिच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं!

तिने टाचण्यांची डबी धाकटीपुढे सरकवली. "खाली बस. पोरीचा घेर जमिनीला घासतोय. टाचण्या लाव."

"मला कुठे येतं?"

"शिकवते."

दोघी बहिणी समोरासमोर गुडघे टेकून बसल्या. वर भाची हळूहळू वळत होती, सडपातळ नव्हे, उंच नव्हे, पण अशी देखणी की दोघींचीही नजर हटेना. तेवढ्यात धाकटीच्या बोटात टाचणी घुसली.

"आई गं!"

"रुतू दे!" थोरली फणकारली... आणि कापडाची चिंधी फाडून तिच्या बोटाला बांधू लागली.