तीन ठोक्यांनंतर एक

हे खरं आहे.

तुम्ही मानायलाच हवं असं नाही. दादा तर अजून म्हणतो, "लिहू नकोस, लोक हसतील." हसू देत.

एका हातानं टाइप करतेय, म्हणून वाक्यं लहान आहेत. चुका पोटात घाला. हाताचं शेवटी सांगते.

गेल्या हिवाळ्यातली संध्याकाळ. आमच्या वर्कशॉपचं अंगण. अंगणात एकच गाडी उभी.

मी आणि माझा मोठा भाऊ मोटरहोम दुरुस्त करतो. ज्या गाडीत पलंग, फ्रिज, शेगडी, बेसिन सगळं असतं, ती. घरच, फक्त चाकांवरचं. असल्या गाडीत आवाज येणं नवं नाही. लोक घाबरून येतात, आम्ही एखादा स्क्रू पिळतो आणि परत पाठवतो.

म्हणून काम करतो त्याच पद्धतीनं सांगते.

आवाज. कारण. उपाय.

*

आवाज: गुडगुड. फ्रिजमधून.

गाडी घेऊन आल्या त्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई. सोबत त्यांची म्हातारी आई. भाड्याचं घर सोडावं लागलं, तेव्हा होतं नव्हतं ते घालून त्यांनी ही जुनी गाडी घेतली. आता हेच घर. दुसरं नाही.

"फ्रिज कण्हतो हो," बाई म्हणाल्या. "आजारी माणसासारखा."

दादानं फ्रिजवर लेव्हलची पट्टी ठेवली. आतला बुडबुडा पळत एका टोकाला गेला.

कारण: गाडी तिरकी उभी. हे फ्रिज कललेले असले की कुरकुरतात.

उपाय: एका चाकाखाली फळी.

"म्हणजे त्याला चक्कर येत होती," मी म्हणाले.

बाई पहिल्यांदा हसल्या.

*

आवाज: घर्र… मग शांत. पुन्हा घर्र…

हा पाण्याचा पंप. नळ उघडला की तो चालतो, बंद केला की थांबतो. नळ बंद असताना चालला, तर कुठेतरी गळती असणार.

मी प्रत्येक जोडाला कोरडा कागद गुंडाळला. वाट पाहिली.

घर्र…

पंप चालला. थोडाच वेळ. कुणी पेलाभर पाणी घ्यावं, तेवढाच.

कागद सगळे कोरडे. नळ बंद. बेसिन कोरडं.

कारण: सापडलं नाही.

उपाय: "हवा अडकली असेल," दादा म्हणाला. काही कळलं नाही की आम्ही हेच म्हणतो.

*

आवाज: ठोके.

"भिंतीत कुणीतरी ठोकतं," बाई हळूच म्हणाल्या. "आईला ऐकू येत नाही. तरी तिलाच आधी कळलं."

आजी पलंगावर बसल्या होत्या. तळहात भिंतीला टेकवून. जन्मभर इस्पितळात नर्स होत्या. समोरच्याचे ओठ वाचून बोलायच्या, आणि खणखणीत बोलायच्या.

"कानांनी राजीनामा दिलाय माझ्या," त्या म्हणाल्या. "हात अजून नोकरीत आहेत. टक टक टक. तीन. नेहमी तीनच."

मी दादाकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली.

"हीटरच्या पंख्याचं पातं लागत असेल," तो म्हणाला. "छोटे, जा खाली."

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी.

या गाडीचा हीटर बाकाखाली बसवलेला. बिस्किटाच्या डब्याएवढा. त्याच्या पंख्यापर्यंत आणि ज्योत पेटते त्या नळीपर्यंत गाडीच्या पोटाखालूनच नीट हात जातो. म्हणजे एकानं जमिनीवर उताणं झोपून हात आत घालायचा, दुसऱ्यानं वर स्विचपाशी थांबायचं. मधे जाड फरशी, बोललेलं ऐकू जात नाही. म्हणून बाबांनी आम्हाला ठोके शिकवले. हे वर्कशॉप त्यांचं.

तीन ठोके म्हणजे: माझा हात आत आहे, काहीही चालू करू नकोस.

मग एक ठोका म्हणजे: हात काढला, कर चालू.

बस, एवढंच. आमच्या घरातली खूण. बाहेर कुणाला माहीत असायचं कारण नाही.

मी गाडीखाली शिरले. जमीन बर्फासारखी. अजून पानासुद्धा हातात घेतला नव्हता…

टक. टक. टक.

वरून आले. मला वाटलं, दादानं वरची झडप उघडून हात घातला असेल. मी हात छातीवर घेतले आणि पडून राहिले. एकाची वाट बघत.

पाठ बधिर झाली.

एक काही येईना.

मनात दादाला शिव्या घालून झाल्या. आता उठावं म्हटलं, पण नियम तो नियम. एक आल्याशिवाय हलायचं नाही.

शेवटी गाडीजवळ बाईंच्या चपला दिसल्या. त्या वाकून म्हणाल्या, "चहा गार झाला. तुम्ही दोघं झोपलात की काय? ते वर पुतळ्यासारखे उभे, तुम्ही खाली आडव्या."

मी बाहेर आले. दादा दारात होता.

"एवढा वेळ हात घालून काय करत होतीस गं?"

"मी? तीन तू मारलेस."

"मी कशाला मारू? मी स्विचपाशी आहे. खालून आले ना… तुझे."



तो माझ्या हातासाठी थांबला होता. मी त्याच्या.

*

आवाज: तोच.

आम्ही हीटरचं झाकण काढलं. टॉर्च मारला. पंखा मोकळा. नळी स्वच्छ. आत धूळ होती, एकसारखी साचलेली. कुणी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

दादानं हात घालून पाहिला. चटकन बाहेर काढला.

"काय रे?"

"काही नाही. ऊब आहे."

हीटर सकाळपासून बंद होता.

सगळं पुन्हा बसवलं. या वेळी खाली कुणी नाही. चौघंही गाडीत, एकमेकांसमोर. दादानं स्विचकडे बोट नेलं…

टक. टक. टक.

आजींनी भिंतीवरचा तळहात काढला नाही. दुसऱ्या हाताची तीन बोटं वर केली.

बाहेर अंधारून यायला लागलं होतं. थंडी दारातून आत सरकत होती. आजींना दमा. त्यांची छाती वाजायला लागली होती, शिट्टीसारखी बारीक. तो आवाज कुठून येतो ते सगळ्यांना माहीत होतं.

"आज आमच्याकडे झोपा," मी म्हणाले.

"आज झोपू," बाई म्हणाल्या. "उद्या? आणि परवा? मला हे घर उबदार करून द्या हो. दुसरं काही मागत नाही मी."

दादानं बाबांना फोन लावला. स्पीकरवर. थट्टेच्या सुरात सगळं सांगितलं, मधेच हसलासुद्धा.

बाबा हसले नाहीत.

"तीन आलेत?"

"हो, पण बाबा, आत कुणी—"

"एक आला?"

"नाही."

"मग स्विचला हात लावायचा नाही."

"अहो, पण आहे कोण आत?"

बाबा म्हणाले, "ते विचारायचं नाही. हात कुणाचा आहे हे बघून नियम पाळत नसतात."

आणि फोन ठेवला.

आम्ही थांबलो. खरंच थांबलो. एका ठोक्यासाठी चौघंजण कान देऊन… तिघं कान आणि एक हात देऊन. आजींची शिट्टी मोठी होत गेली. मधे त्यांना खोकल्याची उबळ आली. ती संपेचना. बाई त्यांची पाठ चोळत दादाकडे बघत राहिल्या.

दादा गुडघ्यावर बसला. हीटरच्या जाळीला तोंड लावून मोठ्यानं म्हणाला,

"हात काढ. चालू करतोय."

शांतता.

"ऐकतोयस ना? म्हातारं माणूस आहे इथे. काढ हात."

शांतता…

"दादा, नको," मी म्हणाले.

त्यानं स्विच दाबला.

*

आवाज: नाही.

हेच सांगायचं होतं मला. काहीच आवाज आला नाही. किंकाळी नाही, धडपड नाही. पंखा फिरला. मधे एकदा जड झाला, काहीतरी मऊ आड आल्यासारखा… मग सुटला. भप्प करून ज्योत पेटली. जाळीतून ऊब यायला लागली.

बाईंनी डोळे मिटून श्वास सोडला.

आणि पंप सुरू झाला.

घर्रर्र…

या वेळी पेलाभर नाही. थांबेचना. नळ बंद. बेसिन कोरडं ठणठणीत. टाकीत किती पाणी उरलं ते दाखवणारे दिवे मात्र एकामागून एक विझत चालले. मी धावत बाहेर गेले, खाली वाकले. सांडपाण्याच्या नळीतून धार लागली होती.

मी बोट लावलं. पाणी कोमट होतं.

वर आले तेव्हा आजी बेसिनकडे बघत होत्या. चेहरा कामावरच्या नर्सचा.

"भाजलंय," त्या म्हणाल्या. "गार पाण्याखाली धरलाय हात. बराच वेळ धरावा लागतो."

टाकी रिकामी होईपर्यंत पंप चालला.

*

त्यानंतर गाडीत आवाज नाही. फ्रिज गप्प, पंप शहाणा, हीटर उत्तम. बाई आणि आजी त्याच गाडीत राहिल्या. जाणार कुठे?

बाई अधूनमधून फोन करून सांगायच्या: आजी रोज संध्याकाळी बेसिनपाशी भाजल्यावर लावायच्या मलमाची ट्यूब ठेवतात. सकाळी झाकण उघडं असतं. ट्यूब थोडी चपटी झालेली असते.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मी एकदा विचारलं.

"आई म्हणते, पेशंटला काय घाबरायचं," बाई म्हणाल्या. पण आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता.

दादा हा विषय काढू द्यायचा नाही. ठोके मात्र आम्ही सोडले नव्हते. जन्माची सवय.

मग मागच्या महिन्यात बाईंचा फोन आला. "काल ट्यूबला हातच लागला नाही. झाकण तसंच बंद. आई म्हणते, बरा झाला असेल. गेला असेल."

मला हायसं वाटलं. कुठे गेला असेल, हे डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये दुसरीच गाडी होती. नवी कोरी, दुसऱ्याच कुणाची. भर दुपार. बाहेर ऊन. हीटर नीट पेटत नाही, एवढीच तक्रार. मी खाली, दादा वर.

हात आत घालण्याआधी मी ठोकलं. तीनदा. स्पष्ट.

हात कोपरापर्यंत आत गेला. बोटं नळीला लागली.

आणि माझ्या कानाजवळ, अगदी सावकाश…

टक.

एकच.

मी ओरडले. फरशी जाड. वर ऐकू जात नाही.

*

दादाची चूक नाही. त्यानं नियम पाळला. तीननंतर एक आला, त्यानं चालू केलं.

उजवा हात अजून बांधलेला आहे. बोटं हलतील, डॉक्टर म्हणतात. बाई भेटायला आल्या होत्या. आजींनी ती ट्यूब पाठवली, अर्धी संपलेली. दादा म्हणाला, "फेकून दे." मी फेकली नाही. उशाशी आहे. झाकण मी स्वतः घट्ट लावते. सकाळी उठल्यावर आधी त्याच्याकडे बघते.

दादा आता एकटाच काम करतो. गाडीखाली कुणी नसतं. तरी काल मी गाडीच्या खिडकीतून पाहिलं, स्विच लावण्याआधी तो थांबला. जमिनीकडे वाकला आणि हळूच म्हणाला,

"काढलास का हात?"

मग कान देऊन उभा राहिला. आणि थोड्या वेळानं त्यानं स्विच लावला.

उत्तर आलं होतं का… मी विचारलेलं नाही.