हळदीचं कुंकू

नवरीला हळद लागली आणि बायकांची हात धुवायला झुंबड उडाली, तेवढ्यात घोलपांच्या मंगल कार्यालयातला पिण्याच्या टाकीखालचा पांढरा कट्टा लाल झाला.

गेल्या वर्षीच्या पटकीच्या साथीनंतर असे जागते कट्टे सगळीकडे आले होते. वरच्या लेपात प्रतिपिंडं बसवलेली असत. पाण्यातून पटकीचा जंतू आला की ती त्याला धरून ठेवत आणि तेवढा लेप कायमचा लाल होई.

"टाकी बंद करतो, ताई," घोलप नवरीच्या आईला, विजयाताईंना म्हणाले. "दुसरं पाणी संध्याकाळशिवाय येत नाही."

मुहूर्त तोंडावर, व्याही आधीच रुसलेले, आणि पाण्यावाचून पंगत बसवायची कशी? विजयाताईंनी हळदीने माखलेला आपला तळहात साबणाने चोळला. तो लालभडक झाला.

"हे बघा! साबण लागला की हळद लालच होते. साडीवरचे डाग काय आम्ही आज धुतोय?"

"हळदीचं कुंकू झालं म्हणायचं! शकुनच की," मावशी म्हणाली. सगळे हसले. घोलपही हसले आणि टाकी चालू राहिली.

तिसऱ्या दिवशी नवी नवरी मधुरा सासरहून थेट इस्पितळात आली. डोळे खोल गेलेले, बोटं सुरकुतलेली. हातावरची मेंदी तेवढी ताजी. सलाइनची सुई शिरेत जाईना. "पाणी कुठलं प्यायली?" डॉक्टरांनी विचारलं, तशा विजयाताई उठल्याच.

पिशवीत लेकीच्या सरबतासाठी घेतलेली लिंबं होती. कार्यालयाकडे जाताना रिक्षात ती हाताला लागली. साबणाने लाल झालेली हळद लिंबाने पुन्हा पिवळी होते, हे त्यांना त्या दिवशीही ठाऊक होतं. पंगतीसाठी फोडी चिरून ठेवलेल्या होत्या. एक पिळायची होती फक्त. आठवलं नाही, की आठवायचं नव्हतं?

कार्यालयात सनई वाजत होती. कट्ट्यापाशी दुसऱ्याच कुणाच्या हळदीच्या बायका हात धूत होत्या. विजयाताई त्यांच्यात घुसल्या, दातांनी लिंबू फोडलं आणि कट्ट्यावर पिळलं. कडेचे डाग पिवळे झाले. मधला लाल तसाच राहिला.

"घोलपभाऊ, टाकी बंद करा! हे खरं आहे!"

घोलप गडबडीने आले, पाहुण्यांकडे बघून कसनुसं हसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अहो ताई, हळद आहे ती. तुम्हीच नाही का दाखवून दिलंत?"