काचेतली जर्सी

बाब अल बहरीनच्या बाजारात दोरा आणायला जाते, असं मी उज्ज्वलला सांगितलं आणि गेले दुसरीकडेच. मुलाला थाप मारल्याची लाज वगैरे नाही. खरं सांगितलं असतं तर त्याने जाऊ दिलं नसतं.

ब्याण्णवचा जानेवारी होता. माझा धाकटा, प्रबुद्ध, मनामातल्या ज्या कॉलेजातून फुटबॉल खेळायचा, तिथल्या संग्रहालयात त्यांच्या कोचचं, उस्ताद कमालचं, दालन उघडलं होतं. कॉलेजला कपावर कप जिंकून देणारा उस्ताद, अख्ख्या बेटावर नाव! मेला तेव्हा लोक रडले. मी लाडूच केले असते, पण घरात तूप नव्हतं.

ऑगस्टच्या भर दुपारी हा माणूस पोरांना वाळूत धाववायचा. पाणी मागितलं की म्हणायचा, "मफी." नाही! चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलेल्या बापाची मी लेक, आणि माझा पोरगा पाण्यावाचून मैदानात पडला, तो उठलाच नाही. त्याची जर्सी आता तिथे काचेच्या कपाटात टांगली होती. खाली पाटी. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, इंग्रजी मी दुकानांच्या पाट्यांवरून शिकले. ही पाटीही मला वाचता आली. 'उस्तादांचा लाडका.'

ती जर्सी मला घरी न्यायची होती.

दुपारी दालनात मी आणि रखवालदार जैनुद्दीन, श्रीवर्धनचा, दोघंच. एसीचा गारठा. वास मात्र तापलेल्या वाळूचा... आणि घामाचा.

जर्सी ओली होती. बाहीतून थेंब टपकत होते.

"रोज दुपारी भिजते, बाय," जैनुद्दीन पुटपुटला. "मी वाळवतो, दुसऱ्या दिवशी परत... साहेब म्हणतात, एसीचं पाणी."

"तुझ्या साहेबाला म्हणावं, चाटून बघ. उघड कपाट."

"नोकरी जाईल माझी."

"माझं पोर गेलंय, जैनुद्दीन."

त्याने चावी फिरवली. जर्सी हातात आली आणि मी दचकले. गरम होती. आत्ताच कुणी अंगातून काढल्यासारखी. बोट जिभेला लावलं. खारट.

मेल्यावरही धाववतोय हा त्याला!

भिंतीवर उस्तादाचा पुरुषभर उंच फोटो होता. मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. "माझा पोरगा बाहेर काढतेय. तुझा खेळ खलास."

कुठेतरी शिट्टी वाजली. आखूड, दोनदा. जैनुद्दीन भिंतीला टेकला.

"बाय... खेळातून एक पोर बाहेर काढलं की दुसरं आत घ्यायला उस्ताद अशीच शिट्टी..."

"घे की कुणाला घ्यायचं त्याला!" मी फोटोवर ओरडले.

घरी येऊन जर्सी गॅलरीतल्या दोरीवर टाकली. बघता बघता वाळली. दुसऱ्या दिवशीची दुपार उलटली, तरी कोरडीच. "सुटलास रे बाबा," मी म्हटलं, आणि कित्येक वर्षांनी पोटभर जेवले.

त्या संध्याकाळी उज्ज्वल सलमाबादच्या वर्कशॉपमधून आला. बाहेर स्वेटरची थंडी, आणि याचा शर्ट पाठीला चिकटलेला. बुटांतून वाळू सांडत होती. माझ्या या थोरल्याने जन्मात कधी चेंडूला पाय लावला नाही. त्याने पाण्याचा जग तोंडाला लावला, रिकामा केला, परत भरला.

"ऊन फार आहे, आई..."

"कसलं ऊन? बस आधी."

तो उभाच राहिला. हात अंगाशी घट्ट, मान ताठ.

"बसू का?" त्याने विचारलं.

मला नाही. माझ्या खांद्यामागे बघून.